जालपृष्ठरचनेचा पहिला धडा : एक परीक्षण

एखादी नवी विद्या शिकविताना तिचा पहिला धडा कोणता असावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अध्यापनाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः त्या विद्येचे स्वरूप शिक्षकाने काय मानले आहे, याचा निर्णय पहिल्या धड्यातच होऊन गेलेला असतो. व्याकरणाचा आरंभ वर्णमालेपासून करणारा ग्रंथकार आणि वाक्यापासून करणारा ग्रंथकार हे दोघे एकाच भाषेचे व्याकरण लिहीत असले, तरी भाषेविषयीची त्यांची कल्पना एक नसते. हाच न्याय संकेतस्थळांच्या रचनेचे प्राथमिक शिक्षण देणाऱ्या पुस्तकांना व वर्गांना लावून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय भाषाभ्यासकाच्या अधिकारकक्षेबाहेरचा आहे अशी शंका कोणी घेईल. परंतु एचटीएमएल या नावातील शेवटचे अक्षर 'लँग्वेज' या शब्दाचे आहे, आणि आजच्या मराठी लेखनाचा फार मोठा भाग वाचकापर्यंत या भाषेच्या खांद्यावर बसूनच पोहोचतो. तिच्या अध्यापनात जे चुकते ते मराठीच्या वाट्यास येते. तेव्हा या प्रश्नाकडे पाठ फिरविणे आपणास परवडणारे नाही.

या विचारास निमित्त झाले ते गोवंडी येथील एका वर्गाचे. गोवंडीचा उल्लेख वृत्तपत्रांतून बहुधा दोन कारणांनी होतो. एक, १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी. आणि दुसरे, २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभागास मिळालेला ०.०५ हा शहरातील सर्वांत खालचा निर्देशांक. याच परिसरात १९५४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था उभी आहे, हे अभ्यासकांना ठाऊक असते. शिवाजीनगर व बैंगनवाडी येथील गल्ल्यांत जरीकामाचे कितीतरी कारखाने चालतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वस्तीची बोली मराठी, हिंदी आणि उर्दू अशी त्रिविध. दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी, रोमन आणि फारसी वळणाची अक्षरे शेजारी शेजारी नांदतात. अशा ठिकाणी दहावी-बारावी झालेली मुले-मुली संगणकाचा वर्ग लावतात, तेव्हा त्यांना हौस म्हणून काही करावयाचे नसते. पृष्ठ रचता आले तर कोणाचे तरी काम मिळेल, निदान घरच्या धंद्याची ओळख चार लोकांना करून देता येईल, एवढीच साधी अपेक्षा असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील 'कोपा' या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात जालपृष्ठरचनेचा समावेश आहे. पवईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाने संगणकाच्या अनेक विषयांवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले आहेत. साधने नाहीत अशी तक्रार आता करता येणार नाही. प्रश्न आहे तो त्या साधनांनी काय शिकवावे याचा.

उपर्युक्त वर्गात काही शनिवार दुपारी मागच्या बाकावर बसण्याची संधी प्रस्तुत लेखकास मिळाली. तेथील टिपणे आणि बाजारात मिळणारी प्राथमिक पुस्तके यांचा क्रम जवळजवळ एकच आहे. आरंभी पृष्ठाचा एक तयार सांगाडा उतरवून घ्यावयाचा; त्याच्या पहिल्या चार-सहा ओळी 'अशाच लिहाव्या लागतात' असे सांगून पुढे जावयाचे; मग अक्षर मोठे कसे करावे, ठळक कसे करावे, तिरपे कसे करावे, रंग कसा द्यावा, मजकूर मध्यभागी कसा आणावा; त्यानंतर चित्र, कोष्टक, दुवा. शेवटी वेळ उरल्यास सीएसएस. विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्याच तासाला काहीतरी उमटते आणि तो आनंदित होतो, हे या क्रमाचे खरे बळ आहे.

वर्गातील एका विद्यार्थिनीने वडिलांच्या जरीकामाच्या कारखान्याचे पृष्ठ तयार केले होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या या मुलीने मजकूर शुद्ध मराठीत, आणि ठसठशीत लिहिला होता. पृष्ठाच्या माथ्यावरील कारखान्याचे नाव तिने तिसऱ्या पातळीच्या शीर्षकाच्या खुणेत, म्हणजे 'एच-थ्री' या टॅगमध्ये, घातले होते. पहिल्या दोन पातळ्या पृष्ठात कोठेच नव्हत्या. असे का, असे विचारता ती म्हणाली, "सर, मला तेवढंच मोठं हवं होतं." पत्त्याची ओळ 'एच-सिक्स' मध्ये होती, कारण ती बारीक हवी होती. दोन परिच्छेदांतील अंतर रिकाम्या ओळींच्या सहा खुणा एकाखाली एक लिहून साधलेले होते. पृष्ठ दिसावयास नीटनेटके होते, हे सांगितलेच पाहिजे. त्या मुलीस जे शिकविले गेले ते तिने अचूक आत्मसात केले होते. म्हणूनच तिच्या पृष्ठाचे परीक्षण हे तिचे परीक्षण ठरत नाही, त्या पहिल्या धड्याचे ठरते.

'एच-थ्री' ही खूण 'अक्षर इतके मोठे करा' असे सांगत नाही. ती सांगते : 'हा मजकूर तिसऱ्या पातळीचे शीर्षक आहे.' मोठेपणा हा त्या विधानावरून ब्राउझरने काढलेला एक निष्कर्ष आहे, आणि तो निष्कर्ष रचनाकारास हवा तसा बदलता येतो. आपल्या व्याकरणपरंपरेत या भेदास फार जुने नाव आहे. पाणिनीने कारक आणि विभक्ती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. कारक म्हणजे क्रियेशी असलेले पदाचे नाते, आणि विभक्ती म्हणजे ते नाते प्रकट करणारे रूप. मराठीत 'राम जातो', 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाला जावे लागते' या तीनही वाक्यांत राम हाच कर्ता आहे, प्रत्यय मात्र तीन तऱ्हांचे आहेत. पहिल्या वाक्यात तर प्रत्यय दिसतही नाही. प्रत्ययावरून कर्ता ठरविणारा विद्यार्थी जशी चूक करतो, तशीच चूक अक्षराच्या आकारावरून शीर्षक ठरविणारा विद्यार्थी करतो. मराठीच्या विभक्ती रूपावरून मानाव्यात की अर्थावरून, हा वाद आपल्या व्याकरणकारांत दीर्घकाळ चालला. त्या वादाशी परिचित असलेल्या कोणासही जालपृष्ठाच्या पाठ्यपुस्तकात तोच गोंधळ, वाद न होताच, एका बाजूने मिटविला गेला आहे, हे ओळखण्यास वेळ लागणार नाही.

हा गोंधळ आला कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. छापखान्यात हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी संपादक समासात खुणा करीत असे : हे अमुक पॉइंटात, हे ठळक खिळ्यांत, हे मध्यावर. इंग्रजीत या कामास जो 'मार्कअप' शब्द होता तोच पुढे संगणकाने उचलला. १९६९ मध्ये आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी जी खूणभाषा सिद्ध केली, तिचे नावीन्य हे होते की समासात 'ठळक' असे न लिहिता 'शीर्षक' असे लिहावयाचे. ठळक करावे की कसे, हा विचार नंतरचा. तिच्यापासून निघालेली एसजीएमएल ही पद्धती १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जालाचा प्रस्ताव मांडला, आणि १९९१ मधील त्यांच्या पहिल्या टॅगसूचीत अवघ्या अठरा खुणा होत्या. त्यांत शीर्षके होती, परिच्छेद होता, याद्या होत्या, रंग नव्हता. म्हणजे मूळ भाषा ही अर्थाची भाषा होती.

पुढे जाल लोकप्रिय झाले, ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्यांत चढाओढ लागली, आणि अक्षराचा आकार व रंग थेट सांगणारा 'फाँट' हा टॅग, मजकूर मध्यभागी आणणारा 'सेंटर' हा टॅग, अशा खुणा भाषेत शिरल्या. यावर उतारा म्हणून हाकोन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली व डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती मान्य झाली : अर्थ एचटीएमएलने सांगावा, रूप सीएसएसने. वर्षभराने, डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने 'फाँट' व 'सेंटर' यांना त्याज्य ठरविले. आजच्या मानकात तर ते कालबाह्य म्हणूनच नोंदलेले आहेत. तरीही आपल्या प्राथमिक टिपणांत रंग व आकार यांचा धडा पहिला आणि सीएसएस शेवटी, हा क्रम टिकून आहे. कित्येक वर्गांत 'फाँट' टॅगही शिकविला जातो. नव्वदच्या दशकातील दोन-तीन वर्षांचा अपघात आपण परंपरा म्हणून जतन करीत आहोत.

गोवंडीच्या त्या विद्यार्थिनीस हा भेद तिच्या घरच्या भाषेत सहज सांगता आला असता. जरीकामात प्रथम कागदावर नक्षी काढतात, तिच्या रेषांवर सुईने भोके पाडतात. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून छाप उठवितात, कापड अड्ड्यावर ताणून बसवितात, आणि मग आरीने जर भरली जाते. त्याच खाक्यावर एकदा सोनेरी जर भरता येते, एकदा रेशीम. एचटीएमएल हा खाका आणि सीएसएस ही जर, असे म्हटले असते तर वर्गातील निम्म्या मुलांस लगेच उमगले असते. (उपमा पुरती लागू पडत नाही, हे मान्य, खाका हाही शेवटी आकारच सांगतो, अर्थ सांगत नाही. पण पहिल्या तासापुरती ती पुरेशी आहे, आणि पाठ्यपुस्तकातील अमेरिकन पिझ्झा-दुकानाच्या उदाहरणापेक्षा कितीतरी जवळची आहे.)

खुणा अंगवळणी पाडून घेण्याचा हा प्रसंग मराठीवर पहिल्यांदा आलेला नाही. मोडी लिहिणारा कारकून शब्दांत अंतर सोडीत नसे, विरामचिन्हे घालीत नसे. मराठी छापू लागली तेव्हा स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांचा शिरकाव झाला, आणि मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहून त्यांस मराठी नावे व वापराची दिशा दिली. आज जिला आपण मार्कअप म्हणतो, तिचीच ती एक प्राथमिक पोथी होय. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की परकी चिन्हे घेताना त्यांचे कार्य काय, हे सांगणारी मराठी संज्ञा त्यांच्याबरोबर आली. 'प्रश्नचिन्ह' या शब्दात ते चिन्ह कशासाठी आहे याचा खुलासा आहे. मुलास चिन्हाच्या आकड्याची आकृती पाठ करावी लागत नाही. नावच त्याला काम सांगते.

एचटीएमएलच्या बाबतीत नेमके हे घडलेले नाही. 'पी', 'यूएल', 'एलआय', 'टीडी', 'ईएम' ही अक्षरे इंग्रजी जाणणाऱ्यास संक्षेप म्हणून कळतात. 'पी' पाहताच त्याच्या मनात परिच्छेदाचा इंग्रजी शब्द उभा राहतो. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण वर्गात शिकवितो. पण येथे तोच संबंध एका विद्यार्थ्यास सहेतुक आणि दुसऱ्यास यादृच्छिक असा भासतो, आणि ही विषमता पाठ्यपुस्तकाच्या लक्षातही येत नाही. गोवंडीच्या वर्गात 'टीडी' म्हणजे काय, असे विचारता उत्तर आले, "कोष्टकात टीडी लिहायचं असतं." ते मंत्राचे उत्तर आहे. त्या दोन अक्षरांचा विस्तार 'कोष्टकातील माहिती' असा आहे, एवढे एकदा मराठीत सांगण्यास अर्धे मिनिट लागते. 'स्पोकन ट्युटोरियल'च्या पद्धतीविषयी आदर बाळगूनही येथे एक मर्यादा दाखवावी लागते. त्या पाठांत पडद्यावरील मजकूर इंग्रजी राहतो व ध्वनी तेवढा मराठी होतो. ही सोय व्यवहार्य आहे, परंतु अशा मांडणीत संज्ञेचा अर्थ उलगडण्याचे काम अनुवादकाच्या सौजन्यावर सोडले जाते.

याचा अर्थ टॅगना मराठी नावे ठेवावीत असा नव्हे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेच्या निर्मितीत आपण बरेच शिकलो आहोत. त्यांपैकी एक धडा असा की वापरणाऱ्याच्या तोंडी रुळलेला शब्द काढून टाकण्याची खटपट बहुधा व्यर्थ जाते. 'टॅग' हा शब्द रुळला आहे, 'ब्राउझर'ही. शिवाय खुणेची अक्षरे बदलली तर ब्राउझरच ती ओळखणार नाही. आवश्यक आहे ते स्पष्टीकरण. पर्यायी शब्द नव्हे. 'ईएम' या खुणेचे उदाहरण घ्या. ती भर दाखविते, आणि ब्राउझर आपल्या सवयीने ती तिरप्या अक्षरांत दाखवितो. पाठ्यपुस्तक लिहिते : 'अक्षर तिरपे करण्यासाठी ईएम.' आता देवनागरीस तिरपे वळण परंपरेने नाही. बहुतेक फाँटांत ते वेगळे काढलेलेही नसते, तेव्हा यंत्र सरळ अक्षरच ओढून वाकडे करते. आणि मराठीत भर देण्याचे काम बहुतांशी 'च' हा निपात करतो : 'त्यानेच सांगितले'. मराठी पृष्ठात भर कसा दाखवावा, ठळक अक्षरांनी, अधोरेखेने, की काहीच न करता, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. 'तिरपे करण्यासाठी' या दोन शब्दांनी तो प्रश्न उगवण्यापूर्वीच खुडला जातो.

आता सर्वांत गंभीर दोषाकडे वळू. वर सांगितलेल्या सांगाड्याच्या पहिल्या ओळी, ज्या 'अशाच लिहाव्या लागतात' म्हणून सोडून दिल्या जातात, त्यांतच भाषेचे सर्व काही भरलेले आहे. त्यांपैकी एक ओळ अक्षरसंकेताची, म्हणजे यूटीएफ-८ ची. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मधील. तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतीय इस्की संकेतावरून घेतलेली. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी संकेतस्थळे स्वतःचे फाँट वापरून चालत. त्यांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असे, केवळ त्यावर देवनागरीचा मुखवटा चढविलेला. फाँट नसलेल्या वाचकास अगम्य चिन्हांची रांग दिसे, आणि शोध घेणे तर अशक्यच. त्या काळातील पुष्कळ मराठी मजकूर यामुळे आज वाचता येत नाही. यूटीएफ-८ ची ओळ त्या अनर्थावरचा उपाय आहे, आणि ती पृष्ठाच्या पहिल्या १०२४ बाइटांत असली पाहिजे असा नियम आहे. ही हकीकत सांगितली तर ती ओळ विद्यार्थी जन्मभर विसरणार नाही.

दुसरी ओळ भाषेची. 'लँग' हा गुणधर्म पृष्ठाची भाषा कोणती ते सांगतो. मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरे. पृष्ठ वाचून दाखविणारी जी साधने अंध वाचक वापरतात, ती याच अक्षरांवरून कोणत्या भाषेच्या उच्चारांत वाचावयाचे ते ठरवितात. शीर्षकांच्या पातळ्यांवरूनच अंध वाचक पृष्ठात उड्या मारीत हिंडतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. 'एच-थ्री'पासून आरंभ होणारे पृष्ठ म्हणजे त्याला पहिली दोन प्रकरणे फाटलेल्या पुस्तकासारखे लागते. काही फाँटांत मराठी वळणाचे 'ल' व 'श' आणि हिंदी वळणाचे 'ल' व 'श' हे दोन्ही असतात. पृष्ठ मराठी आहे असे सांगितले असेल तरच मराठी वळण उमटते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेतील अक्षरांची वळणे निश्चित केली. ती वळणे जालावर उतरावयाची तर या दोन अक्षरांतूनच उतरणार.

त्या विद्यार्थिनीच्या पृष्ठात मराठी मजकुराच्या माथ्यावर 'लँग' चे मूल्य होते 'ईएन'. पृष्ठ आपण होऊन सांगत होते की मी इंग्रजी आहे. याविषयी विचारता ती म्हणाली, "ती ओळ आपोआप येते, सर. तिला हात लावायचा नसतो." हे अगदी खरे आहे. संपादकात एक उद्गारचिन्ह लिहून कळ दाबली की संपूर्ण सांगाडा पुढ्यात येतो, आणि त्यात इंग्रजीची नोंद आधीच केलेली असते. सोय करणाऱ्याचा हेतू निर्दोष असेल; पण या सोयीमुळे महाराष्ट्रातील किती मराठी पृष्ठे आपली ओळख खोटी सांगत असतील, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे. शिरगणतीच्या कागदावर मातृभाषेच्या रकान्यात दुसऱ्याच कोणी आधी लिहून ठेवावे, आणि घरच्यांना सांगावे की त्या रकान्यास हात लावू नका, असा हा प्रकार आहे. विशेष म्हणजे 'लँग' हा गुणधर्म एचटीएमएलमध्ये अधिकृतपणे आला तो १९९७ मध्येच, 'फाँट' टॅग त्याज्य ठरला त्याच आवृत्तीत. आपल्या पुस्तकांनी त्या वर्षी गेलेले ठेवले आणि आलेले टाकले.

मराठीच्या अशा अडचणी आणखीही आहेत. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या जोड्या भाषाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतात. पृष्ठावर हा भेद टिकवावयाचा तर 'ऱ' हे युनिकोडमधील स्वतंत्र अक्षर, किंवा साध्या 'र'पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, यांपैकी एक मार्ग घ्यावा लागतो. दोन्ही मार्गांनी डोळ्यास एकच आकृती दिसते, यंत्रास मात्र दोन भिन्न क्रम दिसतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये, म्हणजे 'ॲसिड' हा शब्द अलग अक्षराने लिहिण्याची सोय त्यापूर्वी नव्हती. इंग्रजी पुस्तकात पाहून कोणी शीर्षकाच्या अक्षरांत अंतर वाढवितो, आणि देवनागरीची शिरोरेषा तुकडे तुकडे होते. ओळींची उंची रोमनच्या मापाने ठेवतो, आणि वरच्या मात्रा व रफार खालच्या उकारांवर आदळतात. नावाच्या रकान्यास अक्षरांची मर्यादा घातली तर यंत्र अक्षरे मोजीत नाही, संकेत मोजते : 'श्री' हे आपल्या लेखी एक अक्षर, त्याच्या लेखी चार, 'स्त्री' सहा. ज्या मर्यादेत इंग्रजी नाव सुखाने बसते तीत मराठी नाव कापले जाते. हे सर्व पहिल्या धड्यात सांगावे असा आग्रह नाही. परंतु मराठीतून लिहिलेल्या प्राथमिक पुस्तकात याचा मागमूसही नसावा, यावरून ते पुस्तक मराठी वाक्यांत लिहिलेले असले तरी मराठी पृष्ठासाठी लिहिलेले नाही, एवढे निश्चित होते.

या विवेचनावर आक्षेप येतील. रूप आधी दाखविल्याने मुलांना गोडी लागते, हा पहिला. आणि तो हलका नाही. दिवसभराच्या कामानंतर वर्गास येणाऱ्या मुलीपुढे खूणभाषेचा इतिहास मांडून चालणार नाही, हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. पण गोडी रंगामुळेच लागते असे नाही. स्वतःचे पृष्ठ यंत्राच्या तोंडून मराठीत वाचले जाताना ऐकणे हाही चमत्कारच आहे, आणि त्यासाठी केवळ दोन अक्षरे बदलावी लागतात. दुसरा आक्षेप व्यवहाराचा : तयार साच्यांवर संकेतस्थळे उभी राहतात, आणि गेल्या काही वर्षांत तर यंत्रास सांगितले की ते सर्व खुणा स्वतःच लिहून देते, मग हे शिकावे कशासाठी? याचे उत्तर असे की लिहिण्याचे श्रम यंत्राने उचलले तेव्हा तपासण्याचे काम माणसावर आले. 'लँग' चे मूल्य काय पडले आहे, हे पाहण्याचे ज्यास सुचत नाही, त्याला यंत्राने दिलेले पृष्ठ बरोबर की चूक हे कधीच कळणार नाही. तिसरा आक्षेप असा येईल की गोवंडीतील मुलांस नोकरी हवी आहे, भाषाशास्त्र नको. खरे आहे. परंतु पृष्ठ केवळ दिसावयास बरे करून देणारे हात आज मुबलक आहेत आणि त्यांचा मोबदला उतरत चालला आहे. मराठी व उर्दू पृष्ठ निर्दोष रचून देणारे हात मात्र शोधावे लागतात.

त्यानंतरच्या शनिवारी त्या विद्यार्थिनीने 'ईएन' खोडून 'एमआर' लिहिले, कारखान्याचे नाव 'एच-वन'मध्ये नेले आणि त्याचा आकार सीएसएसमध्ये लहान केला. पृष्ठ दिसावयास पूर्वीसारखेच राहिले. मग तिने विचारले, "सर, पण अब्बांच्या पाटीवरची ओळ उर्दूत आहे. तीही मराठीच म्हणायची का?" त्या ओळीपुरते 'यूआर' लिहावयाचे, आणि ती उजवीकडून डावीकडे वाचली जाते हे 'डीआयआर' या दुसऱ्या गुणधर्माने सांगावयाचे. तिच्याजवळच्या पुस्तकात हा गुणधर्म शोधून पाहिला. सूचीतही तो नव्हता.